पप्पांचं बनियन आणि उसाखालची माती

(या भागाचं हे लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मधला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढलाय.)

कुठे ऐकताय? एसटीत, लोकलमध्ये, की भांडी घासता घासता? कुठेही असा. आजचा भाग माझ्या पप्पांच्या बनियनबद्दल आहे. हसू नका, खरंच सांगतेय.

माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, पंचगंगेच्या पट्ट्यात. आमची दीड एकर जमीन आहे आणि मला कळायला लागल्यापासून तिच्यात ऊसच बघतेय. लावण, मग खोडवा, जमलं तर निडवा, पुन्हा लावण. मी आता नोकरीसाठी पुण्यात असते. गेल्या मार्चमध्ये गावी गेले तेव्हा नुकतीच तोड झाली होती आणि पप्पा पाचट पेटवायच्या तयारीत होते. शहरातल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते, ऊस तोडून नेल्यावर रानात जो वाळलेला पाला पडून राहतो ते पाचट. हेक्टरी साधारण ८ ते १० टन निघतं. संध्याकाळी वारा पडला की एका कडेने काडी लावायची. बघता बघता सगळं रान काळं.

लहानपणी मला ते बघायला जाम आवडायचं. या वेळी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्या राखेतून चप्पल घालून चालताना डोक्यात एक प्रश्न आला. या राखेच्या खाली जे कोणी राहतं, त्यांचं काल रात्री काय झालं असेल?

खाली राहतं तरी कोण?

गांडूळ, मुंग्या, वाळवी हे आपल्याला दिसतात. पण खरी वस्ती डोळ्यांना न दिसणारी आहे. एक ग्रॅम चांगली माती घ्या, म्हणजे चिमूटभर. तिच्यात १०० कोटींच्या आसपास जिवाणू असू शकतात, हजारो प्रकारचे. शिवाय बुरशा, आदिजीव, विषाणू वेगळेच. यातले फार थोडे प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतात, शंभरात एखादा म्हणा. म्हणून कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांनाही यातल्या बहुतेकांची ओळख नव्हती. आता मातीतून थेट डीएनए काढून वाचता येतो, तेव्हा कुठे हजेरीपट लागायला लागलाय.

पण ओळख नसली तरी तुमची त्यांची भेट झालेली आहे. पहिल्या पावसाचा वास आठवा. त्या वासात मोठा वाटा असतो जिओस्मिन नावाच्या रसायनाचा आणि ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. याच घराण्यातून १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, टीबीवरचं पहिलं प्रभावी औषध. म्हणजे ज्याला आपण 'माती' म्हणतो, तिचा वाससुद्धा मातीचा नाही, तिथे राहणाऱ्यांचा आहे.

शेतीत यांचं काम काय? सगळंच. पाला कुजवणं यांचं. हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींमध्ये बसून हवेतला नत्र पकडणं यांचं. (गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी निघाली की समजायचं, कामगार कामावर आहेत.) आणि तुम्ही टाकलेला युरिया पिकाला घेता येईल अशा रूपात आणण्याचं बरंचसं कामसुद्धा यांचंच. पप्पांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे पैसं मी घालायचं आन् जेवण ह्यांनी वाढायचं?" हो पप्पा, अगदी तसंच.

बनियन पुरलं ते

आता ही न दिसणारी वस्ती जिवंत आहे का, हे घरच्या घरी कसं बघायचं? एक सोपी युक्ती परदेशात बरीच वापरतात. सुती कपडा मातीत पुरायचा. सुती म्हणजे शेवटी काय, सेल्युलोज, झाडाचाच भाग. जिवाणू आणि बुरशा तो खातात. दोन महिन्यांनी उकरून बघायचं, किती उरला. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हजारभर लोकांना चक्क पांढऱ्या सुती चड्ड्या वाटल्या होत्या, बागेत आणि शेतात पुरायला. त्यातून देशभरच्या मातीची पाहणी केली.

मी ठरवलं, आपणही करू. चड्डी म्हटलं असतं तर आज्जीने मला घरात घेतलं नसतं. म्हणून पप्पांची तीन जुनी सुती बनियनं घेतली. एक आमच्या पाचट जाळलेल्या रानात. एक बांधावर, करंजाच्या झाडाखाली, जिथे कधी नांगर गेला नाही. आणि एक काकांच्या रानात. काकांचं रान आमच्या बांधाला लागूनच आहे. माती तीच, पाणी त्याच स्कीमचं, पीक तेच, ऊस. फरक एकच, काकांनी पाच वर्षांपूर्वी पाचट जाळणं सोडलं. तिन्ही ठिकाणी वीतभर खोल पुरलं आणि खुणेला काठी रोवली.

आज्जीला कळलं तेव्हा जो गोंधळ झाला! "आगं, गड्याचं कापड रानात पुरत्यात व्हय? कुणी बघितलं तर करणी केलीया म्हणतील!" पप्पा म्हणाले, "मी अजून जित्ता हाय, एवढं ध्यानात ठेव म्हंजे झालं."

मेच्या शेवटी परत गेले आणि उकरलं. आणि माझं तोंड पडलं. आमच्या जाळलेल्या रानातल्या बनियनला बऱ्यापैकी भोकं पडलेली. बांधावरचं बनियन? जसंच्या तसं! धूळ झटकली की घालता येईल असं. पप्पा खुशीत. "बघ, तुझ्या बांधापेक्षा माझी जमीन जित्ती हाय."

दोन दिवस मी गप्प होते. मग लक्षात आलं की चूक माझीच होती. मार्च ते मे, बांध कोरडा ठणठणीत. आणि उसाला मात्र पाणी चालू. जिवाणू पाण्याशिवाय काम करत नाहीत. माती वाळली की त्यातले बरेचसे झोपी जातात, मरत नाहीत, नुसते वाट बघत पडून राहतात. मी मातीतलं जीवन मोजलंच नव्हतं, मी फक्त कुठे पाणी आहे ते मोजलं होतं.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतेय. कारण मोबाईलवर आपण 'अमुक टाका, माती जिवंत करा' असले व्हिडिओ रोज बघतो. दोन कुंड्या दाखवतात, एक हिरवी, एक पिवळी, झालं सिद्ध. त्या दोन कुंड्यांमध्ये अजून काय काय वेगळं होतं, ते कुणी विचारत नाही. मीही नसतं विचारलं, जर उत्तर मला हवं तसं आलं असतं.

मग जूनच्या मध्यावर, पाऊस लागल्यावर, नवीन पाकीट आणून पुन्हा पुरलं. आता तिन्हीकडे ओल सारखी. १५ ऑगस्टच्या सुट्टीत उकरलं. बांधावर उरलं होतं फक्त शिवणीचा दोरा आणि लेबल, कारण ते पॉलिस्टरचं. काकांच्या रानात चिंध्या निघाल्या, हातात घेतल्या की गळून पडत होत्या. आमच्या रानातलं बनियन भोकाभोकांचं, पण बनियन म्हणून ओळखू येत होतं. पप्पा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धुवून घालाय येतंय की." पण या वेळी हसले नाहीत.

आता लगेच निष्कर्ष काढू नका. तीन बनियनांवर जगाचे नियम ठरत नाहीत. पण प्रश्न पक्का झाला. शेजारी शेजारी असलेली तीच माती, वापर वेगळा, तर आतली वस्ती एवढी वेगळी कशी?

मेले, की बदलले?

मला आधी वाटायचं की शेती केली, खतं टाकली की जिवाणू मरतात. विषय संपला. वाचायला लागले तेव्हा कळलं की गोष्ट एवढी सरळ नाही.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड म्हणून संशोधन केंद्र आहे. तिथे १८४३ पासून शेतातले प्रयोग चालू आहेत, जगातले सगळ्यात जुने. तिथे जमिनीचा एक तुकडा असा आहे की जिथे ५० वर्षं काहीच उगवू दिलं नाही. पीक नाही, गवत नाही, तण आलं की नांगर. म्हणजे मातीची अक्षरशः उपासमार. तपासलं तेव्हा जिवाणूंची संख्या शेजारच्या कुरणापेक्षा खूप कमी झाली होती. पण प्रकार? तेवढेच. माणसं कमी झाली पण घराणी टिकून होती.

आता दुसरं टोक. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनचं जंगल तोडून गुरांसाठी कुरणं केली, तिथल्या मातीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका जागी जिवाणूंचे प्रकार कमी झाले नव्हते, उलट वाढले होते! मग नुकसान कुठे? नुकसान असं की जंगलात इथली माती आणि थोड्या अंतरावरची माती यातली वस्ती वेगवेगळी होती. कुरण झाल्यावर सगळीकडे जवळपास तीच मंडळी. जी फक्त ठराविक जागी राहायची ती गेली, आणि कुठेही चालतात अशी सगळीकडे पसरली.

मिसळीचं उदाहरण घ्या. कोल्हापूरची वेगळी, पुण्याची वेगळी, नाशिकची वेगळी. उद्या सगळी हॉटेलं बंद होऊन गावोगावी एकाच प्रकारची मिसळ मिळायला लागली आणि हॉटेलांची संख्या दुप्पट झाली, तर आकडा वाढला म्हणून आपण खुश होऊ का? मातीतही नुसतं 'किती' विचारून भागत नाही. 'कोण' आणि 'कुठे' हेही विचारावं लागतं. मला या सगळ्यातून समजलेली मुख्य गोष्ट हीच.

आपण बदलतो म्हणजे नक्की काय बदलतो?

पहिलं, जेवण. झाड पानांत साखर बनवतं आणि तिचा काही भाग मुळांवाटे मातीत सोडतं. मुळाभोवती जिवाणूंची जी गर्दी असते ती या पंगतीला आलेली असते. वेगवेगळी झाडं वेगवेगळं वाढतात, म्हणून पाहुणेही वेगवेगळे. वीस वर्षं फक्त ऊस म्हणजे वीस वर्षं एकच ताट. त्यात वरून पाचट जाळलं म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या शिध्याला काडी लावली. आगीची धग मातीत फार खोल जात नाही, वरच्या थराचंच मुख्य नुकसान होतं. पण सर्वात दाट वस्ती त्याच थरात असते. आणि मला वाटतं, त्या रात्रीच्या धगीपेक्षा पुढच्या वर्षभराची उपासमार मोठी.

दुसरं, घर. मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशा असतात, त्यांना मायकोरायझा म्हणतात. केसापेक्षा बारीक तंतू, मुळं पोहोचत नाहीत तिथे जातात, स्फुरद आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. जमिनीवरच्या बहुतेक झाडांशी त्यांची ही सोयरीक आहे, ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मातही सापडते. उसाशीही आहे. हे तंतू मातीचे कण एकत्र बांधून ठेवायला मदत करतात. नांगर, रोटाव्हेटर फिरला की हे जाळं तुटतं. वरून स्फुरदाचं खत भरपूर मिळालं की झाडही म्हणतं, मला भागीदार कशाला पोसायचा? आणि सोयरीक सुटते.

तिसरं, खत. इथे मी जरा सावकाश बोलते, कारण यावर भांडणं फार होतात. रासायनिक खत म्हणजे मातीतल्या जिवाणूंना विष, असं सरसकट म्हणता येत नाही. २०१४ मध्ये ६४ दीर्घकालीन प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला होता. पिकाखालच्या जमिनीत काहीच खत न देण्यापेक्षा रासायनिक खत दिल्यावर जिवाणूंचं एकूण वजन सरासरी १५ टक्क्यांनी जास्तच निघालं. कारण सोपं आहे, पीक वाढलं, मुळं वाढली, जेवण वाढलं. पण जिथे माती आम्ल झाली, सामू ५ च्या खाली गेला, तिथे उलटं झालं. जिवाणूंसाठी सामू फार मोठी गोष्ट आहे. कुठल्या मातीत किती प्रकार राहणार, हे पाऊस आणि तापमानापेक्षाही सामू जास्त ठरवतो.

आपल्या देशातही १९७० पासून दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत, महाराष्ट्रात अकोला आणि परभणीलाही केंद्रं आहेत. त्यातून पुन्हा पुन्हा दिसलंय ते असं की नुसतं नत्र देत राहिलेले तुकडे मागे पडतात आणि शेणखत अधिक संतुलित रासायनिक खत दिलेले तुकडे तग धरतात. म्हणजे दोष एकट्या गोणीचा नाही. गोणी दिली आणि जेवण बंद केलं, दोष त्याचा आहे. आणि आपल्याकडे ४५ किलोची युरियाची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. शेणखताच्या ट्रॉलीचा भाव विचारा एकदा. शेतकरी काय निवडणार?

चौथं, पाणी. उसाला पाणी जास्त दिलं जातं आणि निचरा नसेल तर क्षार वर येतात. आमच्याकडे शिरोळ, मिरज, वाळवा भागात पांढरी पडलेली जमीन दिसते ती अशीच. तिथे पिकाचंच काय, जिवाणूंचंही अवघड होतं.

पप्पांचं म्हणणं

आता मी हे सगळं पप्पांना ऐकवलं आणि त्यांनी लगेच मान डोलावली, असं झालेलं नाही. त्यांचं म्हणणंही ऐका. पाचट ठेवलं की सरीतून पाणी पुढे सरकत नाही. उंदीर होतात. खोडव्याचे फुटवे पाल्याखाली दबतात. आणि काकांच्या रानात पहिल्या वर्षी ऊस पिवळा पडला होता, तो सगळ्या गावाने बघितला होता. "तुझं जिवाणू जगत्यात, पन माझा ऊस?"

यातलं शेवटचं अगदी खरं आहे, आणि त्याला कारण आहे. पाचटात कार्बन भरपूर, नत्र जवळपास नाही. ते खायला जिवाणूंना नत्र लागतं, ते मातीतून उचलतात, आणि तेवढा काळ पिकाला कमी पडतं. म्हणून शिफारस अशी आहे की टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे. बुडखे मोकळे करायचे, म्हणजे फुटवे दबत नाहीत. कुट्टी यंत्राने बारीक केलं किंवा एक सरी आड पाचट ठेवलं तर पाण्याचा प्रश्नही सुटतो. काकांनी पहिल्या वर्षी यातलं काहीच केलं नव्हतं. नुसतं जाळायचं थांबवलं, आणि गाव हसलं.

पण कुट्टी यंत्राचं भाडं, युरिया, मजूर, हे सगळं पप्पांच्या खिशातून जाणार आणि फायदा दिसायला दोन-तीन वर्षं लागणार. काडीपेटी दोन रुपयांची. पुण्यात बसून 'माती वाचवा' म्हणणं मला फुकट पडतं, हे मला माहितीये.

तरी एक गोष्ट मला धीर देते. रोथॅमस्टेडच्या त्याच उपाशी जमिनीचा काही भाग नंतर पुन्हा गवताखाली आणला. दोन ते चार वर्षांत आतली वस्ती बदलायला लागल्याचं स्पष्ट दिसलं. ५० वर्षांची उपासमार आणि तरी जेवण मिळाल्यावर उठून बसले. सेंद्रिय कर्ब हळूहळू वाढतो, त्याला वेळ द्यावाच लागतो. पण राहणारे चिवट आहेत. आमच्या बांधावरही तेच नव्हतं का? मेमध्ये मेल्यासारखे पडले होते, पाऊस आला आणि अख्खं बनियन खाल्लं.

आता पुढे काय?

अजून दोन महिन्यांनी आमच्या खोडव्याला तोड येईल. यंदा निडवा ठेवायचा विचार आहे. दिवाळीत जेवताना पप्पाच म्हणाले, "वीस गुंठ्यातलं पाचट न्हाई जाळत. बाकीचं माझ्या मनानं." दीड एकरात वीस गुंठे, म्हणजे तिसरा हिस्सा. कुट्टीचं भाडं मी देणार, असं ठरलंय. ऊस पिवळा पडला तर बोलणी कुणी खायची, तेही ठरलंय.

आणि हो, या वेळी बनियनं एकेक नाही पुरणार. प्रत्येक तुकड्यात चार-चार, एकाच दिवशी, एकाच ओलीत. आज्जीने गावात आधीच सांगून ठेवलंय की करणी नाही, पोरीचं शिक्षण आहे.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर शेत पाहिजेच असं नाही. सोसायटीची बाग, शाळेचं मैदान, कुंडीसुद्धा चालेल. शंभर टक्के सुती कापडाचे सारखे तुकडे घ्या. दोन-तीन वेगवेगळ्या वापराच्या जागा निवडा. वीतभर खोल पुरा, खूण करा, ओल सारखी ठेवा. दोन महिन्यांनी उकरा आणि शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. उत्तर तुम्हाला हवं तसं आलं नाही तर रागावू नका. आधी विचारा, अजून काय वेगळं होतं?

आमच्या वीस गुंठ्यांचं काय झालं ते पुढच्या पावसाळ्यानंतर सांगेन. ऊस पिवळा पडला तरी सांगेन. तोवर काळजी घ्या, आणि घरातल्यांना विचारल्याशिवाय त्यांचं बनियन पुरू नका.

भेटू पुढच्या भागात.